जाताना राजमार्ग, येताना ढोरवाट

गाडी एकच होती, म्हणून हे सगळं झालं.

लेक पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात नोकरीला आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे होतो. ब्रागापासून चाळीसेक किलोमीटरवर जेरेशचे डोंगर लागतात आणि त्या डोंगरांतून रोमनांनी आखलेला एक रस्ता जातो. तिथले लोक त्याला जेइरा म्हणतात. इतिहासातलं नाव विया नोवा, म्हणजे नवा रस्ता. नवा कधीचा, तर इसवी सन 80 च्या सुमाराचा. तेव्हाच्या ब्राकारा ऑगस्टाहून, म्हणजे आजच्या ब्रागाहून निघून तो स्पेनमधल्या अस्तोर्गाला जायचा. लांबी 215 रोमन मैल, आपल्या हिशेबाने सुमारे 318 किलोमीटर.

रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात मी पस्तीस वर्षं काढली. त्यामुळे नकाशा पाहिल्याबरोबर मनात आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. लेकीने दोन प्रश्नांत विषय संपवला. "बाबा, गाडी या टोकाला लावली तर त्या टोकाहून परत कसं येणार? आणि आईच्या गुडघ्याचं काय?" मग ठरलं ते असं: सुट्टीच्या दिवशी गाडी एखाद्या गावात लावायची, जुन्या रस्त्याने तीन-चार मैल जायचं आणि दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने वळसा घालून गाडीपाशी यायचं. पुढच्या खेपेला पुढचा तुकडा. महिनाभरात अशा पाच फेऱ्या झाल्या. नाइलाजाने धरलेली ही पद्धत मला आता जुना रस्ता पाहण्याची खरी पद्धत वाटते. हा लेख त्याच हट्टापायी.

आधी मैलाचं सांगतो. रोमन मैल म्हणजे हजार पावलं, पण पाऊल आपलं नव्हे. डावा पाय उचलल्यापासून तोच डावा पाय पुन्हा टेकेपर्यंत एक पाऊल. अशी हजार भरली की साधारण 1480 मीटर होतात. हजाराला लॅटिनमध्ये मिल्ले म्हणतात. त्यावरून इंग्रजांचा माइल आणि त्याच्यावरून आपला मैल. किलोमीटर येऊन किती वर्षं झाली, तरी आमच्या खात्यातून मैलकुली हा शब्द काही गेला नाही, तो असा थेट सीझरच्या शिपायांपर्यंत जाऊन पोचतो. पहिल्या फेरीत मी मोजत चाललो. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत माझी बाराशे चाळीस भरली. तरुण शिपाई आणि सहासष्ट वर्षांचा निवृत्त उपअभियंता यांच्यात दोनशे चाळिसांचा फरक पडायचाच. बायको म्हणाली, "अहो, निदान तोंडातल्या तोंडात तरी मोजा."

खांब म्हणजे मैलाचे दगड. ते पाहण्यासाठी तरी तिथे जावं. ग्रॅनाइटचे, गोल घडवलेले, काही माणसाच्या डोक्याहून उंच, अंगभर शेवाळ. मैलाला एक असावा अशी आपली समजूत. इथे काही ठिकाणी एका मैलाला डझनावर खांब एकत्र उभे आहेत, जत्रेत चुकलेल्या पाहुण्यांसारखे. एखादा कललेला, एखादा अर्धा जमिनीत. कारण सोपं आहे. ज्या सम्राटाने रस्ता दुरुस्त केला, किंवा केला असं सांगितलं, त्याने आपल्या नावाचा नवा खांब रोवला आणि आधीचा काही उपटला नाही. टायटसचा आहे, हेड्रियनचा आहे, कॅराकॅलाचा आहे. मला लॅटिन येत नाही, पण लेकीने फोनवर भाषांतर काढून वाचायला सुरुवात केली तेव्हा मजकुराचा साचा माझ्या ओळखीचा निघाला. आधी नाव, मग पदव्या, मग कोणतं पद कितव्यांदा, राष्ट्रपिता वगैरे, आणि सगळ्यात खाली, ब्राकारापासून अमुक मैल. पस्तीस वर्षांत अशा कोनशिला मी किती बसवल्या असतील! नावं ठळक, रस्ता तळाला.

त्यातला मॅक्सिमिनस तर मला फारच जवळचा वाटला. 235 ते 238 अशी जेमतेम तीन वर्षं सत्ता. काळाच्या ओघात ढासळलेले रस्ते आणि पूल आपण पुन्हा उभे केले, असं त्याचे खांब सांगतात. हा गृहस्थ सम्राट झाल्यावर रोम शहरातसुद्धा पाऊल ठेवायला गेला नाही, जेरेशच्या रानात कुठला येतोय. शेवटी त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. खांब मात्र आहेत.

शतकानुशतकं रस्ता चालता राहिला तो या नावांमुळे नाही, हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही. जेरेशला पाऊस भरपूर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरपर्यंत जातो. आपल्या घाटमाथ्याच्या मानाने कमी असेल, पण डोंगराच्या कुशीतून काढलेला रस्ता दोन हंगामांत वाहून न्यायला पुरेसा आहे. असा रस्ता राखायला गटारं काढणारा माणूस लागतो. माझ्या हाताखाली एक मैलकुली होता. वळवाचा पहिला शिडकावा झाला की कोणी न सांगता टिकाव-घमेलं घेऊन निघायचा आणि मोरीच्या तोंडाशी उकिडवा बसून आत हात घालायचा. कोपरापर्यंत चिखल. पालापाचोळा, गोणपाट, एकदा मेलेलं कोकरू. "पाणी आत शिरताना बघायचं नसतं साहेब, भाईर पडताना बघायचं," असं तो मला म्हणाला होता, मी नवा होतो तेव्हा. मोरीच्या वरच्या तोंडाशी पाणी शिरताना दिसलं म्हणजे मोरी चालू आहे असं नाही. खालच्या अंगाला उतरून ते किती बाहेर पडतंय ते पाहायचं. खालच्या अंगाला उतरायला साहेब लोकांना कंटाळा, कारण तिथे बोराटी आणि जळवा. जेरेशमधल्या दुसऱ्या फेरीत मला त्याची आठवण आली.

ती फेरी कोविद नावाच्या गावापासूनची. हो, हेच नाव. पाटी दिसताच बायकोने नकळत पदर नाकाला लावला. या गावाजवळून रोमन रस्ता जातो आणि वरच्या बाजूला काल्सेदोनिया म्हणून प्रचंड धोंड्यांचा एक डोंगर आहे. त्यात एक चीर आहे, माणूस आडवा होऊन जेमतेम जाईल अशी. माझं पोट बघता मी बाहेरच थांबलो. जाताना आम्ही रोमन रस्त्याने गेलो. चढ असा बेतलेला की गाडीचा बैल मान खाली न घालता चढेल. मी मनात म्हटलं, आखणी झकास. तेवढंच. परतताना मात्र खालच्या अंगाची गुरांची वाट धरली आणि तिथून वर पाहिलं तेव्हा रस्ता दिसला.

रस्त्यावरून चालताना रस्ता दिसत नाही. पायाखालचा पट्टा दिसतो. त्याला कोणी उचलून धरलंय ते खालून दिसतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसती दगडावर दगड रचून उभी केलेली भिंत, खाली रुंद, वर जाताना डोंगराकडे कललेली. आम्ही काँक्रीटच्या भिंतीत पाणी निघून जायला भोकं ठेवतो, वीप होल म्हणतात त्यांना, आणि ती बुजली की पावसात भिंत पोट काढते. या भिंतीला प्रत्येक सांधा हाच वीप होल. सांध्यासांध्यातून पाणी झिरपत होतं आणि तिथे नेचे उगवले होते. मध्ये एक ठिगळ वेगळ्या दगडांचं, अलीकडच्या कुणा शेतकऱ्याने घातलेलं. ते पाहून बरं वाटलं. मी तिथे पंधरा मिनिटं उभा होतो. लेक म्हणाली, "बाबा, खांबापाशी तुम्ही पाचच मिनिटं थांबलात."

आता एक कबुली. रोमन रस्ता म्हटला की डोळ्यांपुढे मोठमोठ्या फरश्यांचा रस्ता येतो. इसाक मोरेनो गायो नावाचे स्पॅनिश अभियंते गेली कित्येक वर्षं सांगताहेत की शहराबाहेरचे रोमन रस्ते बहुधा असे नव्हतेच. खाली मोठ्या दगडांचा थर, वर लहान, त्यावर बारीक खडी-मुरूम धुमसून केलेला पृष्ठभाग. ज्या ओबडधोबड फरशीला आपण रोमन म्हणून नमस्कार करतो ती पुष्कळदा नंतरच्या शतकांची असते. मला हे लगेच पटलं. लोखंडी धावेचं चाक आणि बिननालाचा बैल ओल्या फरशीवर घसरतात. मुरुमावर घसरत नाहीत. म्हणजे ते करत होते ते आमचंच: सोलिंग, खडी, मुरूम, धुम्मस. फक्त आमच्यासारखी जाडी कागदावर एक आणि जमिनीवर एक अशी नव्हती.

कबुली पुढेच आहे. नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी एका घाटात जुनी दगडी पायवाट होती. कोणत्या काळातली ते मी विचारलंही नाही. खालून नवा रस्ता वर न्यायचा होता, खाण लांब, वाहतूक महाग. ठेकेदार म्हणाला, दगड इथेच पडलेत की साहेब. मी अंदाजपत्रकात वाहतुकीचा खर्च वाचवला म्हणून शाबासकी मिळवली. चार दिवसांत पहारीने ते दगड उचकटून सोलिंगला गेले. आज त्या वळणावरून गाडी जाते तेव्हा खाली कुणाची तरी वाट पुरलेली आहे हे मला एकट्याला माहीत असतं.

जेरेशमध्येही पुरलेलं आहे, बुडलेलं म्हणू. कांपु दु जेरेश या गावापासून पुढे रोमन रस्ता एका जलाशयाच्या काठाने जातो. त्या पाण्याखाली विलारिन्यो दा फुर्ना हे गाव आहे. कुरणं, गुरं राखण्याच्या पाळ्या, वाटांची डागडुजी हे सगळं गावाने पंचायत भरवून ठरवायचं अशी इथली रीत. जॉर्ज दियास या अभ्यासकाने 1948 मध्ये या गावावर आख्खं पुस्तक लिहिलं. 1972 मध्ये धरण भरलं. आता कांपु दु जेरेशच्या संग्रहालयात त्या गावाचे नांगर, घोंगड्या, भांडी ठेवलेली आहेत. पाणी उतरतं तेव्हा घरांच्या भिंती वर येतात आणि लोक बघायला जमतात. आम्ही गेलो तेव्हा तलाव बऱ्यापैकी भरलेला होता. एक भिंत तेवढी टोकाशी दिसत होती. उजनी आटल्यावर पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि आपण गाड्या काढून फोटोला जातो, ते आठवलं. धरणाच्या बाजूनेही मला बोलता येईल, मी त्या जातीचा माणूस आहे. पण रोमनांचा रस्ता राखणारी शेवटची माणसं ही असणार, हे तिथे उभं राहिल्यावर डोक्यातून जाईना. सम्राट गेले, सैन्य गेलं, नंतर या वाटेने गुरं गेली, आणि गुरं जात राहिली म्हणून वाट राहिली.

परतीला आम्ही काठ सोडून वरच्या रानातून आलो. गार्रानो नावाची बुटकी, तपकिरी, अर्धरानटी घोडी वाटेत आडवी उभी. आम्ही थांबलो, तीही थांबली. शेवटी आम्हीच बाजूने गेलो. खाली वाडीतल्या एका आजींनी हातात चेस्टनट ओतले, सोबत मक्याच्या भाकरीचा तुकडा. ब्रोआ म्हणतात. बायकोने तो मोडून हुंगला आणि मराठीतच म्हणाली, "आजी, थोडी करपलीय." आजी हसल्या. रोमन रस्त्यावर आम्हाला एवढ्या दिवसांत बोलायला एक माणूस भेटलं नव्हतं. राजमार्ग गावं टाळून जातो, त्याला लांब पोचायचं असतं. वाड्यावस्त्या लागतात त्या आडवाटेवर. हे तिकडेही तसंच आणि इकडेही.

सगळ्याच फेऱ्या जमल्या असं नाही. अल्बेर्गारियाचं ओकचं रान राखीव आहे, 1971 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा तो गाभा. तिथे वाट सोडायला मनाई. ती योग्यच आहे. पण त्यामुळे पोर्तेला दु ओमेमच्या खिंडीपर्यंत, म्हणजे 34 व्या मैलापर्यंत गेलो ते आलो तसेच परतलो. रान देखणं होतं, पानं पिवळी पडत होती, ओमेम नदीचं पाणी तळ दिसण्याइतकं स्वच्छ. ओमेम म्हणजे पोर्तुगीजमध्ये माणूस; माणूस नावाच्या नदीकाठाने माणसाच्या खिंडीत. तरीही संध्याकाळी मला ती फेरी अर्धी राहिल्यासारखी वाटली. खिंडीपलीकडे स्पेन. तिकडच्या उतारावर बान्योस दे रिओ काल्दोला गरम पाण्याचे झरे आहेत; रोमनांचा मुक्काम तिथे होता, त्याचे पाये उघडे केलेले आहेत. पाचवी फेरी तिथे संपवून गुडघे पाण्यात सोडून बसलो, वज्रेश्वरीला बसतो तसे.

आपल्याकडे चालण्याची मोठी परंपरा आहे असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण आपला हिशेब नेहमी पोचण्याचा. पंढरपूरला लाखो चालत जातात. पालख्या परतही चालतच येतात, जाण्यापेक्षा कमी दिवसांत, मोजक्या माणसांनिशी. त्या परतवारीचे फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मी पाहिलेले नाहीत. एकदा माझ्या कामाच्या हद्दीतून परतीची पालखी गेली तेव्हा मी रस्त्यावर होतो. जाताना साइडपट्टी कुठे खचली ते परतणाऱ्या वारकऱ्यांनी मला बोटाने दाखवलं. जाताना गर्दीत त्यांनाही दिसलं नसणार.

आता घरचंच बोलतो. ज्या शतकात जेइरा आखला गेला त्याच शतकात रोमन जगातला माल आपल्या बंदरांत उतरत होता. ग्रीक भाषेतल्या त्या काळच्या एका व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. कोकणातून हा माल वर चढायचा तो घाटांनी, आणि त्यांतला नाणेघाट सगळ्यांत नावाजलेला. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख, माथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. दगडावर नाव कोरण्याची हौस आपल्यालाही कमी नव्हती, पण नागनिकेने निदान काय दान दिलं त्याचे आकडे लिहून ठेवलेत.

या घाटाचं आज आपण काय करतो? जुन्नरच्या बाजूने गाडीने माथ्यापर्यंत जातो, पावसाळ्यात उलटा धबधबा बघतो, भुट्टा खातो, परततो. घाट ज्यासाठी खोदला तो उतार, त्या पायऱ्या, ती पाण्याची टाकी आपल्या गावीही नसतात. दुसरं टोक म्हणजे एका दमात अमुक घाट केले, तमुक किलोमीटर केले म्हणणारे. त्यांना तर मोरीत हात घालायला वेळच नाही. आणि तिसरं टोक सर्वांत धोक्याचं, ते म्हणजे सुशोभीकरण. कुणाला जुन्या वाटेबद्दल प्रेम वाटायला लागलं की मला धडकी भरते, कारण त्या प्रेमाचं अंदाजपत्रक होतं, आणि आमच्या लोकांच्या अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे आणि एक कमान आपोआप येते. कमानीवर नाव येतंच.

जेरेशमधल्या फेऱ्यांच्या वाटांवर खर्च काय केलाय, सांगतो. दगडावर पिवळी रेघ, तिच्याखाली लाल रेघ. वळण असेल तिथे रेघ वाकवलेली. वाट चुकली तर त्याच दोन रंगांची फुली. दोन डबे रंग आणि एक ब्रश. आमच्याकडे घाटवाटा जोडीने करणारी पोरं आहेत, वैशाखऱ्याहून नाणेघाटाने चढून भोरांड्याच्या दाराने उतरणारी. त्यांना या रेघा कुठे लागतील ते ठाऊक आहे. चढाईची वाट आणि उतराईची वाट मिळून जी फेरी होते तिच्यावर खालच्या वाड्या येतात, आणि त्या वाड्यांतल्या दोघा-तिघांना पावसाआधी महिनाभर, पावसानंतर महिनाभर मैलकुलीचा पगार द्या. टिकाव, घमेलं, कोयता. पायरीचा निसटलेला दगड जागेवर बसवायचा, पाण्याला बाजूला वाट द्यायची, बाकी काही करायचं नाही. ठेका काढायचा नाही. कोनशिला तर नाहीच. माझ्या जुन्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, एवढ्या लहान रकमेची निविदा कशी काढणार? मी म्हटलं, तेच तर.

डिसेंबरात आम्ही दोघं वैशाखऱ्याला जायचं म्हणतोय. चढाई नाणेघाटाने, मुक्काम वर, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो त्यावर उतराई भोरांड्याच्या दाराने किंवा कुणी दाखवेल त्या वाटेने. बायकोची अट एकच आहे: पावलं मोजायची नाहीत. मोरी दिसली तर थांबायला हरकत नाही म्हणाली.